गुण कुणाला येतो?

तुम्ही राहुरी तालुक्यातल्या. वय चव्वेचाळीस. डाव्या छातीत काखेच्या अंगाला एक गाठ हाताला लागते आहे. दुखत नाही, म्हणून अख्खा पावसाळा तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. गाठ हीच राहू द्या, वयही हेच. साल तेवढं बदलूया.

१९१०. दौंड-मनमाड रेल्वे सुरू होऊन तीस वर्षं उलटली आहेत. राहुरीला गाडीत बसून तुम्ही नगरला उतरता. अमेरिकन मराठी मिशननं बायकांसाठी दवाखाना काढला आहे, पुढे ज्याचं बूथ हॉस्पिटल झालं तोच. डॉक्टर बाई आहेत, रूथ ह्यूम. बाईमाणूस आहे म्हणूनच तुम्ही पदर बाजूला करायला धजावता. या काळातलं शास्त्र हाताशी काय देतं? हालस्टेडची शस्त्रक्रिया: स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं खरवडून काढायचं. आणखी एक वेगळी बातमी आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या बीटसन नावाच्या सर्जननं प्रसिद्ध केलं की अशा रुग्ण बायकांचे बीजकोश काढले आणि छातीतला रोग ओसरला. पुढे इतरांनी करून पाहिलं, तर गुण आला साधारण तिघींपैकी एकीला. बाकीच्या दोघींना का नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही त्या तिघींपैकी कोणती, हेही नाही.

१९४३. नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद स्थानबद्ध आहेत. तुम्ही दौंडला गाडी बदलून मुंबई गाठता. परळचं टाटा हॉस्पिटल उघडून दोन वर्षं झाली आहेत. तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत खानोलकर सांभाळतात. तुमच्या गाठीचा केसाहून पातळ काप काचेवर चढतो, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगतो. त्यात कॅन्सर आहे की नाही, पेशी किती बिघडल्या आहेत, हे कळतं. बीटसनच्या कोड्याचं उत्तरही त्याच काचेवर पडलेलं आहे, पण ते दाखवणारा रंग अजून कुणाजवळ नाही.

१९८७. आता उत्तर मिळालं आहे. शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी दाखवून दिलं की काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला धरून ठेवणारं एक प्रथिन (ईआर) असतं. ते असेल तर गाठ संप्रेरकावर पोसते. संप्रेरक तोडलं की आटते. प्रथिनच नसेल तर बीजकोश काढूनही उपयोग नाही. टॅमॉक्सिफेनची गोळी नेमकी त्या प्रथिनावर जाऊन बसते आणि संप्रेरकाची वाट अडवते. याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू होते आहे. आणि याच वर्षी अमेरिकेत डेनिस स्लेमन सांगतात की काही गाठींत हर टू नावाच्या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि त्या बायकांचा रोग लवकर उलटतो.

इथे जरा थांबा. १९८७ मध्ये तुमच्या गाठीत हर टू सापडलं, तर ती निव्वळ वाईट बातमी आहे. डॉक्टर फक्त मान हलवतील. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब हे औषध येतं, ते बरोबर त्याच हर टूवर वार करतं, आणि वाईट बातमी देणारी ती खूणच औषधाचा पत्ता ठरते. या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही घडामोड.

आता आज. कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर. आशाताईंनी तुम्हाला दवाखान्यात आणलं आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम तेवढ्या जागेला भूल देऊन जाड सुईनं गाठीचे दोरीसारखे चार-पाच तुकडे काढतात आणि लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडतात. हे ‘लगेच’ फार मोलाचं आहे. तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दसपट हवं, आणि त्यात तो सहा तासांहून कमी नको, बहात्तर तासांहून जास्त नको. पण अनेकदा घडतं ते असं: तालुक्याच्या गावी ऑपरेशन होतं, काढलेली गाठ नुसत्या सलाइनमध्ये ठेवली जाते, शनिवारची गाठ सोमवारी लॅबला निघते. तोवर प्रथिनं विरलेली असतात. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो, आणि दिवसाला काही रुपयांत मिळणारी, कित्येक वर्षं घ्यायची, जीव वाचवणारी गोळी त्या बाईला कधीच लिहून दिली जात नाही. एकवीस जनुकं मोजून केमो टाळता येईल का हे सांगणाऱ्या महागड्या चाचण्या आल्या आहेत, काहींना त्यांचा खरा उपयोगही आहे. पण आपल्या जिल्ह्यात आधी ही बाटली वेळेवर भरली पाहिजे, असं मी ठासून म्हणेन.

तुमचा रिपोर्ट येतो. “ईआर, पीआर, म्हणजे संप्रेरकं धरणारी दोन्ही प्रथिनं, पॉझिटिव्ह आहेत ताई, चांगलं आहे. हर टू मात्र दोन प्लस.”

“म्हणजे?”

“म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. फिश करावी लागेल, त्यात जनुकाच्या प्रती मोजतात. लॅबमधून ब्लॉक घ्या, पुण्याला पाठवू.”

ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा ज्यात बसवला आहे तो मेणाचा चौकोनी ठोकळा. लॅबच्या रजिस्टरवर सही करून तुम्ही तो ताब्यात घेता. फाइलइतकाच जपा, पुढे नवी चाचणी आली तर तीही यातूनच होईल.

तुम्ही हळूच मुलीचं विचारता. ती एकवीस वर्षांची आहे, स्थळं येताहेत. “तिची रक्ततपासणी करायची का?”

“आधी तुमची. तुमच्यात बीआरसीए जनुकाचा दोष निघाला, तर तिला अर्धी शक्यता. तुमच्यात शोधूनही निघाला नाही, तर आत्ता तिला सुई टोचायची गरज नाही. घरात आणखी कुणाला होतं?”

“आई, मावशी, कुणालाच नाही.”

“वडिलांकडं?”

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. १९९४ मध्ये सापडलेलं बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे, पुढच्याच वर्षी सापडलेलं बीआरसीए-२ तेराव्यावर. दोन्हींतला दोष बापाकडूनही येतो. आत्या पोटात पाणी होऊन गेली, एवढंच तुम्ही ऐकून आहात. “बीजकोशाचा कॅन्सर असू शकतो,” मॅडम म्हणतात, “तोही याच जनुकांतला. किती वर्षांच्या होत्या?”

तुम्ही बाहेर येऊन वडिलांना फोन लावता.