लाळेतून दातांच्या किडीचा माग

दातांची कीड काळा खड्डा दिसण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये तिचे कारण मांडले: तोंडातले जंतू पिठूळ-गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. 1924 मध्ये लंडनच्या क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू वेगळा केला.

मग लाळेचीच परीक्षा सुरू झाली. 1940 च्या सुमाराची स्नायडर चाचणी साधी, पण नेमकी होती. मेण चघळून जमवलेली लाळ हिरव्या पोषकद्रव्यात मिसळायची, नळी 37 अंशांवर ठेवायची आणि तीन दिवस रंग पाहायचा. आम्ल वाढले की हिरवा रंग पिवळा होतो. पिवळा जितका लवकर, तितका धोका अधिक. लहान मुलाला मात्र मेण चघळून नळीत थुंकणे जमत नाही. त्यामुळे 1960 च्या दशकात बोळ्याने दातांवरून नमुना घेण्याची पद्धत आली. मुलांच्या दृष्टीने खरी सोय झाली ती इथे.

मराठवाड्यात दंतशास्त्राच्या शिक्षणाला घर मिळाले ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. घाटी रुग्णालयाच्या परिसरात 1982 मध्ये शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. तोवर महाराष्ट्रात शासकीय दंत महाविद्यालये मुंबई आणि नागपूरलाच होती.

लाळेच्या चाचण्यांत पुढे तिच्यातील प्रथिने आणि प्रतिपिंडेही मोजली जाऊ लागली. पण एकाच खुणेवरून निदान पक्के होत नाही. दात पाहणे आणि बाळाच्या खाण्यापिण्याची, विशेषतः रात्रीच्या दुधाच्या बाटलीची, विचारपूस आजही आवश्यक आहे.