मुंबई ते येनान

आमच्या पिपरी मेघे येथें रात्रीं गच्चीवर बसलें असतां वर्ध्याच्या बाजूनें आगगाडीची शिटी ऐकूं येते आणि क्वचित् डोक्यावरून एखाद्या विमानाचा दिवा सरकतांना दिसतो. परवां असाच दिवा पाहून घरांतल्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “चीन येथून किती तासांवर आहे?” पूर्वीं अंतर कोसांत सांगत, आतां तें तासांत सांगण्याची रीत पडली आहे. मला मात्र त्या प्रश्नानें १९३८ सालीं मुंबईहून निघालेल्या पांच डॉक्टरांची आठवण झाली.

जपाननें १९३७ सालीं चीनवर चाल केली. चिनी सेनापति चू-ते यांनीं पंडित नेहरूंकडे साह्य मागितलें, आणि सुभाषबाबू अध्यक्ष असतां काँग्रेसनें वैद्यकीय पथक धाडलें. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बसु व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर. (या शेवटच्या गृहस्थांचें नांव विदर्भांतहि फारसें कोणी घेत नाहीं, हें मनाला लागतें.)

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून कॅन्टनपर्यंत दोरा ताणला तर अंतर भरतें सुमारें ४२०० किलोमीटर. आजच्या विमानाला पांच तासांचें. येनान हें उत्तरेकडील गांव, जेथें या पथकाला अखेर जावयाचें होतें, तें त्याच मापानें ४०५० किलोमीटर, म्हणजे किंचित् जवळच! पण मधें हिमालय आणि तिबेटचें पठार. म्हणून १ सप्टेंबर रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें निघालेलें पथक मलायाला वळसा घालून त्याच महिन्यांत कॅन्टनला पोंचलें. आणि जवळच्या येनानला पोंचावयास १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. त्या काळीं विमानें नव्हतीं असें नाहीं. पिनांगहून हाँगकाँगला १९३६ पासून टपालाचें विमान जात होतें. परंतु औषधांच्या पेट्या घेऊन निघालेल्या पांच माणसांची ती वाट नव्हे.

या विलंबाचा दोष केवळ डोंगरांना देतां येत नाहीं. कॅन्टन आणि हँकौ हीं दोन्हीं शहरें त्याच ऑक्टोबरांत जपान्यांच्या हातीं पडलीं. रस्ता पुढें सरकण्याऐवजीं मागून तुटत होता. पथक यांगत्सेच्या वरच्या अंगाला, चुंगकिंगकडे, हटत गेलें. तेथेंच कोटणीसांना वडील वारल्याची वार्ता कळली. सोबत्यांनीं त्यांना परत जाण्यास सुचविलें. परत जाणें म्हणजे पुन्हां सबंध आशियाला वळसा; आणि गेला तो परतून येईल याचा भरंवसा कोणीं द्यावा? ते गेले नाहींत. माझ्या मतें त्यांच्या चरित्रांतला खरा निर्णयाचा क्षण हाच. पुढील शौर्यकथा त्यामागून आल्या. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळें त्या घरोघरीं पोंचल्या, हा भाग वेगळा.

चोळकर लौकर परतले, इतरहि यथावकाश आले. कोटणीस राहिले. चीनमध्येंच त्यांनीं कुओ चिंग-लान या परिचारिकेशीं विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्यें मुलगा झाला, आणि ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांची समाधि आज शिच्याच्वांग येथें आहे. मुंबईहून सरळ रेषेंत सुमारें साडेचार हजार किलोमीटर. विद्यार्थ्याला मीं सांगितलें, साडेपांच तास.