आतड्यांसाठी चांगला म्हणवणारा सोडा: नेहमीच्या कोल्ड्रिंकपेक्षा खरंच बरा आहे का?

वलीमा असो, अकीका असो की ईदची दावत, बिर्याणीच्या देगीबरोबर कोल्ड्रिंकच्या बाटल्या येतातच. रमजानमध्ये तर इफ्तारच्या दस्तरखानावर दिवसभराच्या तहानेनंतर पहिला हात तिकडेच जातो. त्याच दस्तरखानावर शुगरची गोळी घेणारी अम्मी असते आणि पाणी नको, कोलाच हवा म्हणणारी मुलंही असतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा प्रश्न घराघरातला आहे.

अशा वेळी बाजारात एक नवा शब्द आला आहे: प्रीबायोटिक सोडा, म्हणजे ‘पोटासाठी चांगला’ सोडा. अमेरिकेतून सुरू झालेली ही पेयं आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आणि ऑनलाइनही दिसू लागली आहेत. ती घ्यावीत का, कोणी घ्यावीत आणि घेताना काय पाहावं, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

आधी नेहमीच्या कोल्ड्रिंकचा हिशोब

कोला प्रकारच्या अनेक पेयांत 100 मिलीमध्ये साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. म्हणजे 300 मिलीच्या एका कॅनमध्ये 30 ग्रॅमच्या वर, जवळपास आठ चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. म्हणजे एका कॅनमध्येच दिवसाचा कोटा संपला. चहा, शीरखुर्मा, फिरनी अजून बाकीच आहे.

नव्या सोड्यात वेगळं काय?

आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात. काही प्रकारचे तंतू (फायबर) आपल्याला पचत नाहीत, पण या जीवाणूंना ते खायला मिळतात. अशा तंतूंना प्रीबायोटिक म्हणतात. प्रोबायोटिक वेगळं. त्यात जिवंत जीवाणूच असतात, जसे याकुल्टच्या छोट्या बाटलीत. या सोड्यांमध्ये बहुधा इन्युलिन नावाचा तंतू घालतात. तो चिकोरीच्या मुळापासून किंवा अगावे या झाडापासून काढतात. आपल्या कांद्या-लसणातही तो असतोच.

अमेरिकेतली तीन नावं जास्त चर्चेत आहेत. तिथला कॅन 355 मिलीचा असतो.

- ऑलिपॉप: साखर साधारण 2 ते 5 ग्रॅम. तंतू 6 ते 9 ग्रॅम. गोडीसाठी फळांचा रस आणि स्टीव्हिया.
- पॉपी: साखर साधारण 5 ग्रॅमपर्यंत. तंतू फक्त 2 ग्रॅमच्या आसपास. ॲपल सायडर व्हिनेगरमुळे हे नाव गाजलं.
- सिंपली पॉप: कोका-कोलाने 2025 मध्ये आणलेला सोडा. तंतू 6 ग्रॅम. वेगळी साखर घातलेली नाही, गोडी फळांच्या रसाची.

तुलनेसाठी, तेवढ्याच कॅनमध्ये नेहमीच्या कोका-कोलात 39 ग्रॅम साखर असते आणि तंतू शून्य. साखरेच्या बाबतीत नवा सोडा सरळ सरळ जिंकतो. पेप्सिकोने 2025 मध्ये पॉपी ही कंपनी 195 कोटी डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं. कोल्ड्रिंक विकणाऱ्या मोठ्या कंपन्याच आता हा पर्यायही विकत आहेत, हे लक्षात असू द्या.

पण ‘पोटासाठी चांगला’ हे कितपत खरं?

इथे जरा थांबायला हवं. 2024 मध्ये अमेरिकेत पॉपीवर खटला झाला. दोन ग्रॅम तंतूने आतड्यांना जाणवण्याइतका फायदा होत नाही, असा आरोप होता. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण 89 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने चिकोरीच्या इन्युलिनमुळे पोट नियमित साफ व्हायला मदत होते हे मान्य केलं आहे, पण दिवसाला 12 ग्रॅम घेतलं तर. दोन ग्रॅमवाले सहा कॅन कोण पिणार? शिवाय तिथे एका कॅनला दोन-अडीच डॉलर पडतात.

आता आपल्या स्वयंपाकघरात पाहा. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 5 ग्रॅम तंतू असतात. वाटीभर शिजवलेल्या हरभऱ्यात त्याहून जास्तच मिळतात. इफ्तारला चणे आणि फळं आपण खातोच. दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू लागतात आणि ते डाळ, भाजी, फळं, भाकरी यांतून येणंच चांगलं. म्हणून आमचं मत असं: हा सोडा कोल्ड्रिंकच्या जागी घेतला तर बरा, औषध म्हणून किंवा फळाच्या जागी घेण्यात अर्थ नाही.

कोणी सांभाळून घ्यावा?

- इन्युलिनने गॅस होतो, पोट फुगतं. दिवसभराच्या रोजानंतर रिकाम्या पोटी आख्खा कॅन पिऊ नका. आधी खजूर, पाणी, थोडं खाणं, मग अर्धा ग्लास पिऊन पाहा.
- ज्यांचं पोट वारंवार बिघडतं (आयबीएस) त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.
- साखर कमी असली तरी आंबटपणा असतोच. दिवसभर घोट घोट पिण्याने दातांचं नुकसान होतं.
- काही कोला चवींमध्ये कॅफिन असतं. मुलांना देण्याआधी लेबल पाहा.
- सर्वात महत्त्वाचं: मधुमेही माणसाची शुगर अचानक खाली गेली, घाम, थरथर, चक्कर सुरू झाली, तर हा सोडा किंवा डाएट कोला कामाचा नाही. तेव्हा खरी साखरच लागते: तीन-चार चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा कप नेहमीचं कोल्ड्रिंक. रोजात शुगर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञांचे मार्गदर्शन सांगतं. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं.

हलालचा प्रश्न

वर दिलेले सोडे आंबवून बनवत नाहीत. कोंबुचा मात्र वेगळा. गोड चहा आंबवून तो बनतो आणि त्या क्रियेत थोडा अल्कोहोल तयार होतोच. अमेरिकेत 0.5 टक्क्यांच्या आत असेल तर तो ‘बिनअल्कोहोल’ म्हणून विकतात, पण बाटली उष्णतेत राहिली तर प्रमाण वाढू शकतं. घ्यावा की नाही, याबाबत आपल्या आलिमांना विचारा. एवढं मात्र लक्षात ठेवा: पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो, हलाल असल्याचं नाही.

घरचे पर्याय

सर्वात स्वस्त ‘पोटाचा सोडा’ घरीच होतो. साध्या सोड्यात लिंबू पिळा, भाजलेलं जिरं घाला आणि भिजवलेला चमचाभर सब्जा टाका. साखर नको, मीठ चिमूटभर. सब्ज्यात तंतू भरपूर असतात. ताक आहे, कोकणात कोकमाचं पाणी आहे. मात्र घरचं आहे म्हणून सगळंच हलकं नसतं. रूह अफजा शतकाहून अधिक काळापासून आपल्या दस्तरखानाची शान आहे, पण सरबताच्या पाकात मुख्यतः साखरच असते. चार चमच्यांऐवजी एक चमचा घाला, सब्जा वाढवा.

दुकानात गेलात तर बाटलीच्या पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. 100 मिलीमागे साखर किती, तंतू किती, गोडी कशाची, एवढं पाहिलं की पुरे. साखर दोन ग्रॅमच्या आत आणि तंतू त्याहून जास्त असतील तर दावतीपुरता घ्यायला हरकत नाही. रोजच्या तहानेला मात्र माठातलं पाणीच बरं.