निमस्तिष्क व द्रुत नेत्रचलन

एका लक्ष्यावरून दुसऱ्या लक्ष्याकडे दृष्टी वळविताना नेत्रगोल झटक्याने फिरतात. या हालचालीस द्रुत नेत्रचलन म्हणतात. वाचताना व सभोवार पाहताना ते सेकंदास सुमारे तीन वेळा घडते आणि बहुधा एकदशांश सेकंदाच्या आत संपते. एवढ्या अल्पावधीत जालपटलाकडून येणाऱ्या माहितीच्या आधारे हालचाल मध्येच सुधारणे शक्य नसते. तिचे अंतर आधीच ठरलेले असावे लागते. वय वा आजार यांमुळे नेत्रस्नायूंचे बल बदलले, तरी कालांतराने नेम पुन्हा साधतो. झालेल्या चुकीवरून पुढील हालचाल सुधारण्याच्या या क्रियेस अनुकूलन म्हणतात.

प्रमस्तिष्काच्या मागील बाजूस खाली असलेल्या निमस्तिष्काचे कार्य फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लूरांस यांनी १८२४ मध्ये दाखविले. निमस्तिष्क काढलेल्या प्राण्यांत हालचाल उरते, पण तिची सुसूत्रता जाते, असे त्यांना आढळले. पहिल्या महायुद्धात निमस्तिष्कास इजा झालेल्या सैनिकांची तपासणी करून गॉर्डन होम्स यांनी नेत्रचलनातील दोषही नोंदविले (१९१७).

अनुकूलनाचा प्रायोगिक अभ्यास १९६७ मध्ये मॅक्‌लॉफ्लिन यांनी सुरू केला. डोळा लक्ष्याकडे झेपावत असतानाच त्यांनी लक्ष्य किंचित मागे सरकविले. डोळा फिरत असताना दृष्टी मंदावते, त्यामुळे हा बदल पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. तरीही अशा पुनरावृत्तीनंतर झेप आपोआप आखूड होते.

त्याच सुमारास मुंबईत रुग्णांच्या निरीक्षणातून या विषयाची दुसरी बाजू पुढे आली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील नोशीर वाडिया (१९२५–२०१६) व त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. या रुग्णांचा तोल व हालचालींचा समन्वय बिघडलेला असे. शिवाय त्यांचे डोळे झटक्याने न वळता संथपणे सरकत. निमस्तिष्काच्या इतर विकारांत नेत्रचलनाचा नेम चुकतो, पण वेग बहुधा टिकून राहतो. वेग आणि अचूकता यांची केंद्रे निराळी असावीत, असे या भेदावरून सूचित होते.

अचूकतेचे स्थान १९८० मध्ये लान्स ऑप्टिकन व डेव्हिड रॉबिन्सन यांच्या प्रयोगांनी स्पष्ट केले. एका डोळ्याचे स्नायू दुबळे केलेली माकडे काही दिवसांत त्या डोळ्याचा नेम पुन्हा साधत. निमस्तिष्क काढल्यावर ही क्षमता नाहीशी होई. पुढील प्रयोगांत निमस्तिष्काच्या मध्यरेषेवरील वर्मिस या भागाचे महत्त्व दिसून आले. लंबमज्जेतून येणारे आरोही तंतू चुकीची वार्ता पुरकिंजे कोशिकांना देतात व त्यानुसार त्या कोशिकांचे तंत्रिकाबंध बदलतात, असे मानले जाते. डेव्हिड मार (१९६९) व जेम्स अल्बस (१९७१) यांच्या सिद्धांतांवर ही उपपत्ती आधारलेली आहे. मासाओ इतो यांच्या प्रयोगांनी तिला बळ मिळाले.

मुंबईत वर्णन झालेल्या विकाराचा जीन १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावर सापडला. भारतातील सहा कुटुंबांच्या अभ्यासातून वाडिया व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये संथ नेत्रचलनाचे निदानातील महत्त्व पुन्हा दाखवून दिले. या विकारात निमस्तिष्क क्षीण होते. तथापि डोळ्यांचा वेग मंदावण्याचे कारण मस्तिष्क स्तंभातील सेतू या भागात, द्रुत नेत्रचलनाची प्रेरणा देणाऱ्या कोशिकांच्या ऱ्हासात आढळते. वेग मस्तिष्क स्तंभात निर्माण होतो, तर त्याचा नेम निमस्तिष्क राखते, असे आज मानले जाते.

रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते. तो थांबविणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. असे असले, तरी उपकरणांवाचून केवळ रुग्णाचे डोळे पाहून कळणारे हे लक्षण कोणती जनुकीय तपासणी आधी करावी हे सुचविते आणि कुटुंबास वेळीच सल्ला देणे त्यामुळे शक्य होते.