भरलेली कणगी

पुण्यास जाणारी आगगाडी कर्जतला थांबली, कीं घाट चढण्यासाठीं मागून जादा इंजिनें जोडलीं जातात, आणि तेवढ्या अवकाशांत प्रवासी खालीं उतरून वडे घेतात. एके काळीं फलाटांवर वजनाचीं यंत्रें असत. नाणें टाकलें कीं वजन आणि भविष्य दोन्ही छापलेलें पुठ्ठ्याचें एकच तिकीट हातीं येई. श्रोतेहो, वजनावरून भविष्य सांगण्याची ही हौस केवळ त्या यंत्रवाल्याचीच नव्हती. वैद्यकशास्त्रानेंही ती दीर्घकाळ बाळगली. ती कशी रुजली आणि कशी ढळली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांस हा प्रश्न अगदींच अपरिचित नव्हता. चरकसंहितेंत निंद्य मानलेल्या आठ पुरुषांपैकीं अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्तारानें केलेला आहे. प्रमेहाच्या रोग्यांतही एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल, असे भेद करून त्यांची चिकित्सा निरनिराळी सांगितली आहे. या वचनांत आजचें सर्व शास्त्र शोधूं नये. तो मोह आपल्याकडे फार आहे. पण एकाच रोगाचे रोगी एकाच साच्याचे नसतात, एवढें निरीक्षण त्यांत निश्चित आहे.

युरोपांत मात्र हिशेब प्रथम आला. बेल्जमचा गणिती केतले यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत असें दाखविलें, कीं प्रौढ माणसाचें वजन सामान्यतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. तो रोगाच्या शोधांत नव्हता, सरासरी माणसाच्या शोधांत होता. त्याच भागाकारास १९७२ सालीं अमेरिकेंतील अँसेल कीज यांनीं 'बॉडी मास इंडेक्स' हें नांव दिलें, आणि पुढें तो आंकडा प्रत्येक दवाखान्यांत जाऊन बसला. वास्तविक १९३६ सालींच लंडनच्या हिम्सवर्थ यांनीं कांहीं मधुमेही इन्शुलिनला दाद देतात व कांहीं देत नाहींत, हें दाखविलें होतें; आणि १९४७ सालीं मार्सेयच्या झां वाग यांनीं, चरबी किती आहे याइतकेंच ती कोठें आहे हेंही महत्त्वाचें, असें प्रतिपादिलें होतें. पोटाकडे सांचणारी चरबी आणि मांड्या-नितंबांवर सांचणारी चरबी यांचे परिणाम निराळे, असें त्यांचें म्हणणें. तें फारसें कोणीं ऐकलें नाहीं.

या भेदाचें कारण काय? कर्जतच्या भातशेतकऱ्याची कणगी डोळ्यांपुढें आणा. कणगींत जागा आहे तोंवर धान्य कितीही आलें तरी घर नीट राहतें. ती भरली, कीं पोतीं माजघरांत, चुलीजवळ, देव्हाऱ्यापुढें येऊन पडतात व वावरणें कठीण होतें. त्वचेखालील चरबी ही देहाची कणगी होय. कोणाची मोठी असते, कोणाची लहान. ती अपुरी पडली, कीं मेद यकृतांत, आंतड्यांभोंवतीं व स्नायूंत शिरतो. मग इन्शुलिनचें काम अडतें आणि रक्तांतील साखर वाढूं लागते. म्हणूनच जपानचे सुमो मल्ल अवाढव्य असूनही, त्यांची चरबी बहुतांशीं त्वचेखालीं असल्यानें, कुस्ती चालू आहे तोंवर बरेचसे निरोगी आढळतात.

उलट बाजू घाटापलीकडेच दिसली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. त्या बालकांचें जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आपलीं बालकें दंडानें, पोटानें, सर्वांगानें लहान. पण पाठीवरील चरबी मात्र त्या मानानें राखलेली! कृश दिसणारें मूल आंतून मेदयुक्त, हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं 'लॅन्सेट'मध्यें याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र आलें. दोघांचाही तो सुप्रसिद्ध आंकडा २२.३; परंतु शरीरांतील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. स्वतःचाच देह असा पुराव्यास उभा करणारे संशोधक विरळाच.

पुण्याच्या सहा खेड्यांचें माप कर्जत-खालापुरास जसेंच्या तसें लावतां येणार नाहीं, हें मला मान्य आहे. पण येथली उपासमार इतिहासांत नोंदलेली आहे. पावसाळ्यांत घरांतलें भात संपे, आणि सावकाराकडून दामदुपटीनें धान्य घ्यावें लागे. म्हणून तर भाई कोतवालांनीं या भागांत धान्यपेढ्या काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर त्यांनीं प्राण दिले. ज्यांच्या आज्या अशा पावसाळ्यांत गरोदर होत्या, त्यांचीं नातवंडें आज खोपोलीच्या कारखान्यांत आणि मुंबईकरांच्या सुटीच्या बंगल्यांवर नोकरी करतात, दुचाकीवर फिरतात, दिवसांतून चार वेळां गोड चहा घेतात. कातकरी वाड्यांवर अजूनही कमी वजनाचीं मुलें जन्मतात. अशा घरांत सडसडीत माणसास साखर निघाली, तर कोणास खरेंही वाटत नाहीं. आणि शेजारच्या स्थूल बाईस मात्र जो तो उपदेश करतो.

त्या बाईचें रक्त निर्दोष निघालें तरी तिनें निर्धास्त व्हावें, असें नाहीं. अशा लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असतां कित्येकांची ती अवस्था कांहीं वर्षांत मोडते, असें आढळलें आहे. शिवाय गुडघे कणगीचा हिशेब जाणत नाहींत. भारतीय तज्ज्ञांनीं २००९ सालीं आपल्या लोकांसाठीं त्या आंकड्याची मर्यादा उतरवून २३ पासून वजन अधिक व २५ पासून स्थूलता मानली, आणि कमरेचें माप पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ठरविलें. तेव्हांपासून कांट्याच्या जोडीला शिंप्याकडची फीतही डॉक्टरांच्या मेजावर आली.