खिडकीच्या गुंडाळी पडद्याचे नियंत्रण : एका लहान यंत्रयुक्तीचा इतिहास

यंत्रविद्येच्या इतिहासात वाफेचे एंजिन, यंत्रमाग, विद्युत्-जनित्र अशा भव्य साधनांना जे स्थान लाभते, ते घरातील नित्याच्या उपकरणांना सहसा लाभत नाही. बिजागरी, कडी, कुलूप, खिडकीचा पडदा या वस्तूंचा वापर कोट्यवधी माणसे रोज करतात. परंतु त्यांच्या रचनेमागे कोणता प्रश्न होता आणि तो कोणी कसा सोडवला, याची चौकशी क्वचितच होते. रुळावर गुंडाळला जाणारा खिडकीचा पडदा हे याचे उत्तम उदाहरण होय. हा पडदा वर नेणे ही त्यातील खरी अडचण कधीच नव्हती. हव्या त्या उंचीवर तो थांबवणे आणि हवा तेव्हा पुन्हा सोडणे, ही ती अडचण होती. हे काम हाताने करावे, दोरीने करावे की यंत्रानेच करावे, या प्रश्नाच्या उत्तरांचा क्रम म्हणजेच या पडद्याचा इतिहास आहे. आणि त्या क्रमातील एका उत्तराची किंमत पुढे लहान मुलांच्या प्राणांनी मोजावी लागली.

पडद्याची गरज काचेबरोबर वाढली. इंग्लंडात १६९६ मध्ये बसवलेला खिडक्यांवरील कर १८५१ पर्यंत चालू होता, आणि काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाला. हे दोन्ही भार उतरल्यावर मोठ्या काचांच्या खिडक्या मध्यम स्थितीतील घरांच्याही आवाक्यात आल्या. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात खिडक्यांची काच सर्वसामान्य झाली. काचेतून प्रकाश येतो, तसेच ऊनही येते. त्याने गालिचे व गाद्यागिरद्यांचे रंग उडतात आणि रस्त्यावरील नजरही घरात शिरते. झालरीचे जड पडदे श्रीमंतांच्या दिवाणखान्यास शोभत; पण साध्या घराला स्वस्त, सपाट आणि अर्ध्यावर थांबवता येईल असे आच्छादन हवे होते. रुळावर गुंडाळलेले कापड ही गरज भागवू शकत होते.

असा पडदा चालवण्याची सर्वांत जुनी रीत दोरीची होय. रुळाच्या एका टोकाला खोबणी असलेली चकती बसवीत आणि तिच्याभोवती दोरी घेत. पडदा खाली उतरला की दोरी चकतीवर गुंडाळली जाई. दोरी ओढली की रूळ उलट फिरून पडदा वर जाई. तो वर राहावा म्हणून दोरी चौकटीवरील आकड्याला अडकवावी लागे. महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर व कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत दिसणारी बांबूच्या कामट्यांची चिक रचनेने थोडी वेगळी असते; ती खालच्या टोकाकडून वर गुंडाळली जाते आणि तिची दोरी पडद्याला खालून वेढा घालते. परंतु नियंत्रणाचे तत्त्व तेच: माणसाचा हात, लोंबती दोरी आणि ती अडकवण्याची जागा. या रचनेत पडद्याचे वजन सदैव दोरीवर असते, आणि दोरी सुटली की पडदाही सुटतो.

दुसरी रीत स्प्रिंगची. पोकळ रुळात मळसूत्री स्प्रिंग बसवली, तर पडदा खाली ओढताना ती पिळली जाते आणि तिच्यात साठलेली शक्ती पुढे पडदा वर नेण्यास उपयोगी पडते. स्प्रिंग लावलेले रूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच माहीत होते. पण त्यांनी एक अडचण दूर करून दुसरी निर्माण केली. दोरीच्या पडद्याला वर नेण्यासाठी श्रम पडत. स्प्रिंगचा पडदा उलट वर जाण्यास सदैव उत्सुक असे आणि त्याला रोखून धरावे लागे. त्यासाठी दंतचक्र आणि त्यात अडकणारी खिटी योजीत. पण खिटी सोडवण्यासाठी पुन्हा दोरी लागे. शक्ती यंत्रात आली, तरी तिचा लगाम दोरीकडेच राहिला.

हा लगाम काढून टाकण्याचे श्रेय अमेरिकेतील स्टुअर्ट हार्टशॉर्न (१८४०-१९३७) याच्याकडे जाते. त्या देशात यादवी युद्ध चालू असताना, ११ ऑक्टोबर १८६४ रोजी, स्प्रिंगच्या रुळावर त्याला ४४,६२४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. या पेटंटाचे मर्म स्प्रिंगमध्ये नसून खिटीच्या वागणुकीत आहे. ती रचना थोड्या तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

रुळाच्या एका टोकातून लोखंडी दांडीचे चपटे टोक बाहेर येते. ते चौकटीवरील चिरेत बसते. त्यामुळे दांडी स्वतः फिरत नाही. स्प्रिंगचे एक टोक या स्थिर दांडीला व दुसरे टोक लाकडी रुळाला जोडलेले असते. रुळाच्या दुसऱ्या बाजूची खीळ गोल असून ती गोल भोकात मोकळी फिरते. स्थिर दांडीवर खाचा असतात, आणि फिरणाऱ्या रुळाच्या टोकाशी सैलसर खिट्या लावलेल्या असतात. रूळ सावकाश फिरत असला, म्हणजे वरच्या बाजूस आलेली खिटी स्वतःच्या वजनाने खाली पडते, खाचेत अडकते आणि पडदा थांबतो. रूळ वेगाने फिरत असला, म्हणजे केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे खिटी बाहेरच्या बाजूस फेकलेली राहते. ती खाचेपर्यंत पोचतच नाही आणि पडदा वर जात राहतो. खाली ओढताना खाचांचा उतार अनुकूल असल्याने खिटी नुसती घसरून पुढे जाते. म्हणून पडदा सोडवायचा असेल, तर त्याला खाली थोडा हिसका द्यावयाचा व हात सैल करावयाचा. खिटी खाचेतून निघते, आणि रुळाने वेग घेतला की ती पुन्हा अडकत नाही. थांबवायचा असेल, तर हाताने वेग कमी करावयाचा.

याचा अर्थ असा की, या रचनेत ‘थांब’ आणि ‘चल’ या दोन आज्ञांसाठी दोन वेगळी साधने नाहीत. पडद्याच्या खालच्या काठीवर ठेवलेला हात ज्या वेगाने हलतो, तो वेग हीच आज्ञा होय. यंत्र वेग ओळखते आणि त्याप्रमाणे वागते. दोरी अनावश्यक ठरते ती याच कारणाने.

वेग ओळखणारे यंत्र ही कल्पना १८६४ मध्ये नवी नव्हती. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या एंजिनास जोडलेला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक सर्वश्रुत आहे. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडात टॉमस मीड याने पवनचक्क्यांसाठी त्याच तत्त्वावरील नियंत्रकाचे पेटंट घेतले होते. विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, १७८९ मध्ये स्टीफन हूपर याने पवनचक्कीच्या पात्यांवर अखंड शिडाऐवजी कापडाचे लहान लहान गुंडाळी पडदे बसवले. वारा वाढला की चक्की न थांबवता ते सर्व एकदम गुंडाळता येत. म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटी गुंडाळी पडदा आणि केंद्रोत्सारी नियंत्रण या दोन्ही कल्पना पवनचक्कीच्या परिसरात शेजारी शेजारी नांदत होत्या. हार्टशॉर्नची कल्पना तेथूनच आली असे यावरून सिद्ध होत नाही. तसा दावा करणेही योग्य नव्हे. परंतु कारखान्याच्या प्रचंड यंत्रांत रुळलेले एक तत्त्व, बोटभर जागेत मावणाऱ्या खिटीच्या रूपाने घरच्या खिडकीपर्यंत आले, हे यावरून स्पष्ट होते. वॉटचा नियंत्रक वेग कायम राखतो. हार्टशॉर्नची खिटी वेगाचे दोनच भाग पाडते, सावकाश आणि जलद. तत्त्व एकच असले तरी कार्य भिन्न आहे, आणि या भिन्नतेतच शोधकाची प्रतिभा दिसते.

या यंत्रयुक्तीला मोठी बाजारपेठ मिळाली. हार्टशॉर्नने रुळांचा कारखाना उभारला आणि त्यातून अमाप संपत्ती मिळवली. पेटंटासंबंधीचे वादही झडले. त्यांपैकी एक १८८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एवढ्याशा खिटीवरून देशाच्या श्रेष्ठ न्यायपीठापुढे युक्तिवाद व्हावा, यावरूनच तिचे व्यापारी मोल कळून येते. मिळालेल्या संपत्तीतून हार्टशॉर्नने १८७७ पासून न्यू जर्सी राज्यात शॉर्ट हिल्स हे आदर्श खेडे वसवण्यास आरंभ केला. प्रारंभीची तेरा एकरांची खरेदी पुढे दीड हजार एकरांहून अधिक झाली. ते गाव आजही न्यूयॉर्कचे सधन उपनगर म्हणून प्रसिद्ध आहे.

या रचनेला मर्यादाही होत्या. स्प्रिंग कालांतराने सैल पडे. मग रूळ काढून, पडदा हाताने गुंडाळून तो पुन्हा बसवावा लागे. खिटीत धूळ साचली की ती अडकत नसे, आणि पडदा फडफडत एकदम वर जाई. हा प्रकार अमेरिकन प्रहसनांत व विनोदी चित्रपटांत इतका नेहमीचा झाला की, त्यावरून त्या पडद्याच्या प्रसाराची कल्पना यावी. याशिवाय, प्रत्येक वेळी हात पडद्याच्या कापडालाच लागत असल्याने ते मळे. आणि रुंद खिडकीच्या जड पडद्याला ही स्प्रिंग पुरी पडत नसे.

विसाव्या शतकात दोरी परतली ती या उणिवांमुळे. आडव्या पट्ट्यांच्या व्हेनिशियन पडद्यात तर ती प्रथमपासूनच होती. गुंडाळी पडद्यात ती मण्यांच्या अखंड साखळीच्या रूपाने आली. या रचनेत रुळाच्या टोकाशी एका स्थिर गाभ्यावर घट्ट वेटोळी स्प्रिंग असते. पडद्याचे वजन रुळास फिरवू पाहते तेव्हा ती गाभ्याला अधिकच आवळते आणि रूळ अडून राहतो. साखळी ओढली की तीच स्प्रिंग किंचित उलगडते आणि रूळ फिरू देते. पडदा कोठेही अचूक थांबतो, फडफडत नाही, कापडाला हात लागत नाही. यांत्रिक दृष्टीने ही हार्टशॉर्नच्या रचनेवर निःसंशय सुधारणा होती. परंतु तिने एक गोष्ट परत आणली, जी १८६४ मध्ये घालवली गेली होती: खिडकीशेजारी लोंबणारा फास.

या फासाचा अर्थ उमगण्यास फार काळ लागला. खिडकीजवळ ठेवलेल्या पाळण्यातील किंवा पलंगावर चढलेल्या बालकाच्या गळ्यात दोरी अडकते. आवाज होत नाही, आणि काही मिनिटांतच प्राण जातात. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८१ ते १९९५ या काळातील अशा १८३ मृत्यूंची नोंद आहे. त्यांतील बहुसंख्य मुले तीन वर्षांच्या आतील होती. प्रत्येक मृत्यू एकेका घरात, एकेकटा घडत असल्याने त्याकडे दीर्घकाळ पालकांचे दुर्लक्ष किंवा दुर्दैव म्हणून पाहिले गेले. नोंदी एकत्र केल्यावरच हा दोष माणसाचा नसून रचनेचा आहे, हे दिसून आले.

त्यानंतरचे उपाय क्रमाक्रमाने आले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत दोरीच्या टोकांचा फास तोडून ती सुटी ठेवण्यात आली. डिसेंबर २००९ मध्ये तेथील ग्राहक वस्तु सुरक्षा आयोगाने व उत्पादकांनी मिळून रोमन पडदे व खालून वर गुंडाळले जाणारे पडदे दुरुस्तीसाठी परत मागवले. त्यांची संख्या पाच कोटींच्या घरात होती. त्यांतील दुसरा प्रकार रचनेने आपल्या चिकेचाच भाऊबंद होय. डिसेंबर २०१८ पासून अमेरिकेत तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना हाताशी येणारी लांब दोरी असू नये, असे प्रमाण लागू झाले. मापाने बनवून घेतलेल्या पडद्यांबाबतचा आयोगाचा २०२२ चा नियम २०२३ मध्ये न्यायालयाने कार्यपद्धतीच्या कारणावरून रद्द ठरवला. तरी उद्योगाच्या स्वतःच्या सुधारित प्रमाणाने त्यांवरही निर्बंध घातले. या साऱ्यांचा परिणाम म्हणून बाजारात जे बिनदोरीचे पडदे आले, त्यांतील पुष्कळांचे मूलतत्त्व ओळखीचे आहे: रुळातील स्प्रिंगने शक्ती साठवावी, आणि पडद्याच्या खालच्या काठीवरील हाताने आज्ञा द्यावी.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साधनांची प्रगती सरळ रेषेत होत नाही. १८६४ ची रचना काही बाबतींत तिच्यानंतरच्या रचनेहून कमी सोयीची होती, पण एका बाबतीत अधिक सुरक्षित होती. तिची ती सुरक्षितता हेतुपुरस्सर नव्हती. दोरी काढण्यात सोय पाहिली गेली होती, मुलांचे रक्षण नव्हे. म्हणूनच दोरी परत येताना आपण काय गमावीत आहोत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जो गुण नकळत लाभतो, तो नकळत गमावलाही जातो.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीचा आहे. यंत्राचे मोल केवळ त्याच्या कार्यावरून ठरत नाही; ते चालवण्याचे साधन कोठे लोंबते, कोणाच्या हाताशी येते, घरातील कोणाची गणना रचनाकाराने केली नाही, हेही पाहावे लागते. पेटंटाच्या आकृतीत रूळ, स्प्रिंग व खिटी दिसतात. खिडकीखालचा पाळणा दिसत नाही. घरगुती साधनांच्या इतिहासकाराने पेटंटाच्या आकृतीबरोबर मृत्यूच्या नोंदीही वाचल्या पाहिजेत, हा या लहानशा खिटीच्या दीड शतकाच्या इतिहासाचा बोध होय.