मासे सोडण्यापूर्वीचे वीस दिवस

शाळेत नवी मत्स्यपेटी येते. पहिला आठवडा उत्साहात जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरू लागतात. पाणी नितळ असते, हवेचा पंप चालू असतो, खाणेही वेळेवर घातलेले असते. मग 'मासे नाजूकच असतात' किंवा 'दुकानदाराने रोगट मासे दिले' असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. पुष्कळदा तो चुकीचा असतो. पेटीत एक महत्त्वाचा घटक अजून आलेला नसतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखायला शास्त्रज्ञांनाही सुमारे चाळीस वर्षे लागली. या शोधाच्या दोन टोकांना एकाच घरातले बापलेक उभे आहेत, दोघांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

थोरले वॉरिंग्टन लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होते. १८४९ साली त्यांनी सुमारे १२ गॅलनांच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती प्रकाशात प्राणवायू देईल आणि पाणी बदलावे लागणार नाही, असा हिशेब होता. पण कुजणाऱ्या पानांनी पाणी गढुळले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या काही गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला आणि पात्र स्थिरावले. १८५० मध्ये हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला. पुढच्या दशकात इंग्लंडमधील घराघरांत मत्स्यपेट्या आल्या.

हिशेबात प्राणवायू होता, कुजका पाला होता. पण अमोनिया नव्हता. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. उरलेले खाणे कुजूनही तो तयार होतो. थोडा अमोनियाही माशांना घातक ठरतो. वॉरिंग्टन यांच्या पात्रात मासे दोनच आणि वनस्पती भरपूर. पाणवनस्पती अमोनिया शोषून घेतात. त्यामुळे ही उणीव उघडकीस आली नाही.

अमोनियाचे पुढे काय होते हा प्रश्न शेतीच्या वाटेने पुढे आला. जमिनीत अमोनियापासून नायट्रेट बनते हे माहीत होते. हे काम हवा आणि सच्छिद्र माती मिळून करतात, असे पुष्कळांना वाटे. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. वाळू तीच, हवा तीच. मग वीस दिवस कशासाठी? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. वाफ काढून टाकल्यावरही ते आपोआप सुरू झाले नाही. थोडे मातीचे पाणी घातल्यावर मात्र काही दिवसांनी सुरू झाले. म्हणजे काम करणारे सजीव होते, आणि त्यांची संख्या वाढायला वेळ लागत होता.

हा धागा धाकट्या वॉरिंग्टन यांनी उचलला. वडिलांच्याच प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकलेले हे गृहस्थ रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करीत होते. हे काम दोन टप्प्यांत होते असे त्यांनी दाखवले : एक जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. जीवाणू वेगळे करणे मात्र अवघड गेले, कारण जिलेटिनच्या नेहमीच्या खाद्यावर ते वाढेनात. १८९० मध्ये झुरिक येथे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी सेंद्रिय खाद्य वगळूनच पाहिले, आणि जीवाणू हाती आले. त्यांना अन्न नकोच होते; अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून ते कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतात. पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यालाही त्याच वर्षी यश आले.

गोष्ट तिथे संपली नाही. मत्स्यपेटीत नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो, असे पुस्तके शंभर वर्षे सांगत होती. १९९८ मध्ये होवानेक, डीलाँग आणि सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणी करून ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो असे दाखवले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. त्याचा शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी एकाने तो मत्स्यपालनाच्या गाळणीतूनच मिळवला होता.

हा इतिहास आपण वर्गात पुन्हा घडवू शकतो. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्यावा. पेटीत वाळू, गाळणी आणि पंप बसवावा. मासे सोडू नयेत. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे आणि दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून आलेख काढावा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट तसेच करील, शेवटी नायट्रेट वाढत जाईल. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू घातली तर वेळ वाचतो. श्लोसिंग यांनी मातीचे पाणी घातले ते याच तत्त्वाने. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की थोडे पाणी बदलून एक-दोनच मासे सोडावेत. नायट्राइटकडे दुर्लक्ष करू नये. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनशी अभिक्रिया करते आणि भरपूर प्राणवायू असतानाही मासा गुदमरतो.

पुढे गाळणीचा स्पंज धुवायचा झाला तर नळाखाली धरू नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. जीवाणू त्याच स्पंजावर राहतात, आणि ते धुतले गेले की आलेख पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो.